दगडाला खाच पाडण्याआधी



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाची मुलांची डोंगरसहल असते, हे आपण जाणताच. गेल्या सहलीच्या आधी आपले चार-पाच तरुण कार्यकर्ते जागा बघून आले. आल्यावर त्यांनी खर्चाचे व्हाऊचर आमच्यापुढे ठेवले : छन्नी २, हातोडी १, भगवा ऑइल पेंट १ लिटर, ब्रश २. खजिनदार म्हणून आम्ही बिले जुळवली, बेरीज तपासली आणि सही केली. छन्नी कशाला, हे विचारले नाही. उभी हयात बँकेत गेली. कर्जाचा हेतू विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, असे नव्या मुलांना शिकवत आलो; आणि इथे स्वतःच चुकलो.

डोंगरावर गेल्यावर उलगडा झाला. माथ्याच्या खाली दीड पुरुष उंचीचा एक उतरता कातळ आहे. मुले दरवर्षी तिथे दोर बांधून चढण्याचा सराव करतात. त्या कातळात आमच्या पोरांनी पाय ठेवायला सहा खाचा पाडल्या होत्या, शेजारी भगवे बाण काढले होते आणि खाली मंडळाचे नाव लिहिले होते. आम्ही ज्येष्ठांनी त्यांचे कौतुकच केले. "बरं केलंत, लहान पोरांची सोय झाली," असे आम्हीच म्हणालो.

सातवीतली एक मुलगी मात्र गप्प उभी होती. आदल्या वर्षी तिने तो कातळ तीनदा प्रयत्न करून अर्ध्यातून सोडला होता. वर्षभर ती घरच्या गच्चीच्या कठड्याला लोंबकळून हात कमावत होती, असे तिच्या आईने नंतर सांगितले. ती आमच्याकडे बघून एवढेच म्हणाली, "आजोबा, आता हे कुणीपण चढेल की."

त्या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो. घरी आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचले, गिर्यारोहण करणाऱ्या जाणत्या मंडळींशी बोललो. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे मांडत आहोत.

आपल्या भागातला दगड

बेळगाव-निपाणीचा आपला पट्टा दख्खनच्या काळ्या बसाल्टच्या दक्षिण टोकाला येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक झाला. पश्चिमेला घाटाकडे गेले की त्यावर तांबडा जांभा लागतो. पूर्वेला गोकाककडे निघाले की दगड बदलतो. गोकाकचा धबधबा जिथून सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो तो कडा वाळूच्या थरांपासून बनलेल्या, दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या खडकाचा आहे. त्याच पट्ट्यात पुढे, आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, बदामीचे लाल वालुकाश्माचे कडे आहेत. दोरावर चढणाऱ्यांसाठी बदामी आज देशातल्या नावाजलेल्या जागांपैकी एक आहे आणि परदेशातूनही लोक तिथे येतात.

आपली मुले राजहंसगडावर जातात, हुक्केरी तालुक्यातल्या वल्लभगडावर जातात, सीमेपलीकडे महिपालगड, कलानंदीगड, पारगड, सामानगड पालथे घालतात. निपाणीकरांना तर पन्हाळा जवळच. यातली काही मुले पुढे प्रस्तरारोहणाकडे, म्हणजे दोर लावून कडा चढण्याकडे वळतात. ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांच्या हातात दोराबरोबर छन्नी जाते तेव्हा काय होते, हे मात्र समजून घ्यायला हवे.

दगडाची नासधूस कशी होते

कड्यावर चढणारा माणूस दगडाच्या नैसर्गिक भेगा, कपारी, उंचवटे आणि खोबणी यांच्या आधाराने वर जातो. दोर असतो तो पडला तर वाचवायला. वर ओढायला नव्हे. एखाद्या ठिकाणी आधार सापडला नाही की माणसापुढे दोन वाटा असतात. मागे फिरून तयारी वाढवायची, किंवा दगड आपल्या सोयीचा करून घ्यायचा. या दुसऱ्या वाटेचे बरेच प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे छन्नीने खाच पाडणे किंवा आधीची बारीक पकड मोठी करणे. दुसरा, ड्रिलने बोट जाईल एवढे भोक पाडणे. तिसरा, निखळणारी पकड एम-सीलसारख्या पदार्थाने चिकटवणे किंवा कृत्रिम पकड तयार करणे. चौथा, तारेच्या ब्रशने घासून दगडाची वरची कातडी काढणे. पाचवा, आपल्याच एखाद्या प्रतिस्पर्ध्याला चढता येऊ नये म्हणून पकड फोडून टाकणे. असेही लोक करतात. आणि आपल्याकडे सर्रास दिसणारा सहावा प्रकार म्हणजे रंग : बाण, नावे, बदामाच्या आकृत्या, मंडळांचे फलक.

हे सगळे हेतूने केलेले नुकसान आहे. पाऊस, ऊन, झाडांची मुळे यांनीही दगड झिजतो, पण त्याला काळ लागतो. छन्नीला दहा मिनिटे पुरतात.

वालुकाश्माच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. उन्हापावसात राहून अशा दगडावर बऱ्याच ठिकाणी कठीण कवच तयार होते आणि आतला भाग तुलनेने मऊ असतो. कवच फुटले की आतली वाळू सुटू लागते आणि खाच आपोआप मोठी होत जाते. शिवाय ओला वालुकाश्म कमजोर होतो, म्हणून जाणते लोक पाऊस झाल्यावर तो सुकेपर्यंत, एक-दोन दिवस किंवा जास्तही, त्यावर चढत नाहीत. बसाल्ट त्यामानाने टणक, पण त्याच्या थरांमध्ये आणि सांध्यांमध्ये हातोडीचे घाव बसले की हादऱ्याने बाजूचे तुकडे सैल होतात. खाचेत पाणी साचते, शेवाळ धरते आणि ज्याला आपण सोय समजलो तीच निसरडी होते.

पावसाळा संपल्यावर आम्ही दोघे-तिघे मुद्दाम त्या कातळाकडे जाऊन आलो. आमच्या सहा खाचांपैकी एकीची कड तुटली होती. आणि आता तिथे अकरा खाचा होत्या. पाच कुणी पाडल्या ठाऊक नाही. आमच्या मंडळाच्या नावाखाली आणखी चार नावे आली होती. आपण रंग लावला म्हणजे इथे रंग लावायला हरकत नाही, अशी जणू पाटीच आपण लावून आलो होतो.

तरुणांचे प्रश्न

यावर मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. आपली पोरे हुशार आहेत, त्यांनी प्रश्नही सरळ विचारले.

एक जण म्हणाला, "काका, शिवरायांच्या किल्ल्यांवर कातळात पायऱ्या खोदल्याच आहेत की! बदामीला चालुक्यांनी अख्खी लेणी कोरली. मग आम्ही सहा खाचा पाडल्या तर काय बिघडलं?" दुसऱ्याने म्हण ऐकवली : टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

प्रश्न रास्त आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. ते काम राजघराण्याने, कसलेल्या पाथरवटांकडून, पुढच्या पिढ्यांनी बघावे म्हणून करून घेतले. गडाच्या पायऱ्यांवरून शिबंदी, पाणी, धान्य वर जात होते. माणसांचे जगणे त्यावर अवलंबून होते. म्हणीतल्या टाकीमागेही मूर्तिकार असतो, आणि तो त्यासाठी निवडलेल्या शिळेवर काम करतो. आमच्या सहा खाचांमागे असे काय होते? तो कातळ तर आम्हांला चढायलाच हवा होता. त्याचे अवघडपण हेच त्याचे मोल होते, आणि नेमके तेच आम्ही काढून घेतले. गणित सुटत नाही म्हणून पाठ्यपुस्तकातले आकडे खोडून सोपे करावेत, तसे झाले. पुढच्या मुलांना मूळ गणित दिसणारच नाही.

दुसरा प्रश्न आला, "खडी क्रशरवाले डोंगरच्या डोंगर खातायत, त्यांना कोण विचारत नाही. आमच्या खाचा तेवढ्या दिसल्या?" हे दुःख खरे आहे. पण शेजाऱ्याने कर्ज बुडवले म्हणून आपला हप्ता माफ होत नाही. उलट, उद्या एखादा डोंगर वाचवा म्हणून आपण अर्ज घेऊन गेलो, तर त्याच डोंगरावरचे आपल्या मंडळाचे रंगवलेले नाव समोरचा माणूस आपल्याला दाखवील.

तिसरा प्रश्न आमच्या वहिनींचा होता आणि तो सर्वांत महत्त्वाचा. "पोरं पडली तर?" सुरक्षेसाठी दगडात बसवलेला बोल्ट आणि चढणे सोपे व्हावे म्हणून पाडलेली खाच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे दुसरा कुठलाच आधार नाही तिथे जाणत्या संस्था विचार करून, योग्य जागी, गंज न धरणारा बोल्ट बसवतात आणि त्याला दोर अडकवतात. त्यानेही दगडाला भोक पडते, म्हणून तोही जपून वापरायचा. पण तो चढणाऱ्याचा जीव राखतो आणि चढण आहे तशीच ठेवते. खाच जीव राखत नाही. आमची तुटलेली कड हा त्याचा पुरावा. लहान मुलांसाठी वरून बांधलेला दोर, हेल्मेट आणि शिकलेला माणूस, एवढे पुरते. त्यांना सोपा कातळ हवा असेल तर डोंगरावर सोपे कातळ भरपूर आहेत.

जगात हाच वाद

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर पूर्वी भेगांत लोखंडी मेखा ठोकून चढत आणि नंतर त्या उपटून काढत. शेकडो लोकांनी तेच केल्यावर भेगा फाटून विद्रूप झाल्या. इव्हॉन शुइनार हा गिर्यारोहक अशा मेखा बनवून विकत असे. त्याच्या धंद्याचा मोठा भाग त्याच होत्या. १९७२ च्या आपल्या कॅटलॉगमध्ये त्याने गिऱ्हाइकांना मेखा सोडून, हाताने भेगेत अडकवायच्या आणि हाताने काढायच्या पाचरी वापरा, असे सांगितले. स्वतःच्या खपाच्या मालाविरुद्ध बोलणारा दुकानदार आमच्या नोकरीत आम्ही तरी पाहिला नाही.

त्याच योसेमिटीत रे जार्डिन नावाचा माणूस होता. भेगेत आपोआप फाकून बसणारे आणि दगडाला ओरखडाही न पाडता निघणारे 'फ्रेंड' नावाचे साधन त्याने तयार केले. १९७८ पासून ते विक्रीला आले आणि जगभर गेले. पण १९८१ च्या सुमारास, सुमारे ९०० मीटर उंचीच्या एल कॅपिटन कड्यावरचा 'नोज' हा मार्ग केवळ हातापायांच्या बळावर चढण्याच्या हट्टापायी याच माणसाने एका टापूत छन्नीने पकडी कोरल्या. तो बेत पुढे त्याने सोडून दिला. १९९३ मध्ये लिन हिल या स्त्रीने तो मार्ग तसा पहिल्यांदा पूर्ण केला. कोरलेला तो टापू तिनेही वापरला. मूळ रूपात तिला तो जमला असता का, हे आता कळायला काहीच मार्ग नाही, कारण ते मूळ रूप उरलेले नाही. दगड जपण्याचे साधन ज्याने जगाला दिले, त्याचाही हात ऐन वेळी छन्नीकडे गेला. तेव्हा आपल्या पोरांना नुसते रागावून भागणार नाही, हे आम्हांला पटले.

दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियातल्या सेरो टोरे या सुळक्यावर १९७० मध्ये चेझारे माएस्त्री या इटालियन गिर्यारोहकाने पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर नेऊन सुमारे ४०० बोल्ट ठोकले. राइनहोल्ड मेसनरने तर त्याआधीच लेख लिहून बोल्ट ठोकत चढण्याच्या पद्धतीवर टीका केली होती. बोल्ट ठोकून अशक्य ते मारून टाकले तर माणसाने धडपडायचे कशासाठी, असा त्याचा रोख होता. २०१२ मध्ये दोन तरुणांनी त्यातले सुमारे १२० बोल्ट काढून टाकले. त्यावरूनही मोठे वादंग झाले. पण त्यानंतर काही दिवसांतच डेव्हिड लामा हा तरुण त्याच धारेने, दोर फक्त सुरक्षेपुरता ठेवून, हातापायांच्या बळावर माथ्यावर पोचला. एका पिढीला जे यंत्राशिवाय अशक्य वाटले ते बेचाळीस वर्षांनी दुसऱ्या पिढीला जमले. सगळे कोरून ठेवले असते तर लामाला करायला काय उरले असते?

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या सॅक्सनीतल्या वालुकाश्मावर तर विसाव्या शतकाच्या आरंभापासून कडक नियम आहेत. भेगेत धातूची साधने घालायची नाहीत, दोराच्या गाठी अडकवायच्या. हाताला पांढरी पावडर लावायची नाही. ओल्या दगडावर चढायचे नाही. शंभर वर्षांनंतरही लोक तिथे आनंदाने चढतात.

एकदा गेले ते गेले

फोडलेला दगड परत येत नाही, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८१८ मध्ये मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा उद्ध्वस्त केल्या, म्हणजे पुन्हा कुणी तिथून उठाव करू नये. नाशिककडच्या अलंग आणि मदन या किल्ल्यांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या तेव्हा उडवल्या गेल्या. आज दोनशेहून अधिक वर्षे झाली. त्या तुटलेल्या टप्प्यावर अजूनही दोर लावूनच जावे लागते. शत्रूने दगड फोडला याची आपल्याला चीड येते. मग प्रेमापोटी, सोयीपोटी आपण तो फोडला तर डोंगराला त्यात काय फरक?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यात आपल्या शेजारचा पन्हाळाही आहे. आपण सर्वांनी पेढे वाटले. त्या आनंदाबरोबर ही जबाबदारीही आली.

कायद्याचेही थोडे सांगतो. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. राखीव जंगलात परवानगीशिवाय दगड फोडणे हाही गुन्हा आहे. नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या वेळी पोलीस चौकशीत असे प्रकरण निघाले तर आई-वडिलांना किती मनस्ताप होईल, याचा पोरांनी विचार करावा.

मंडळाने ठरवलेले

बैठकीत पुढील गोष्टी एकमताने ठरल्या. डोंगरसहलीच्या सामानात छन्नी, हातोडी, ड्रिल आणि रंग असणार नाही. वाट दाखवायला कापडी फिती बांधायच्या आणि परतताना मोजून सोडून आणायच्या. दगडावर मंडळाचे नाव कुठेही लिहायचे नाही. जो कातळ चढता आला नाही त्याची नोंद वहीत करायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा. ओल्या दगडावर सराव नाही. दिवाळीत दारात किल्ले करतानाच लहान मुलांना ही गोष्ट सांगायची.

आपला रंग काढायचा का, यावर आम्ही जाणत्यांचा सल्ला घेतला. तारेचा ब्रश आणि ॲसिड वापरू नका, त्याने दगडाची कातडीच जाईल, असे त्यांनी बजावले. म्हणून आधी पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश घेऊन एका कोपऱ्यात थोडे करून बघणार आहोत. जेवढे निघेल तेवढे काढू. खाचा मात्र तशाच राहतील. सिमेंटने बुजवल्या तर ते दुसरे नुकसान होईल.

त्या कामाला येत्या महिन्यात एक रविवार ठरवत आहोत. ज्यांनी खाचा पाडल्या ती पोरे स्वतःहून पुढे आली आहेत, आणि व्हाऊचरवर सही करणारे आम्हीही बादली घेऊन येणार आहोत. तारीख सूचनाफलकावर लावू. डबा आणि पाण्याची बाटली आपापली आणावी.

सातवीतल्या त्या मुलीसाठी, आता ती आठवीत गेली, पोरांनी त्याच डोंगराच्या मागच्या अंगाला दुसरा एक कातळ शोधून ठेवला आहे. आमच्यापैकी कुणालाच तो अजून चढता आलेला नाही. त्याला कुणी हात लावलेला नाही, हे आम्ही स्वतः जाऊन बघून आलो.